गणेशोत्सव मंडळांना आणि ढोल-ताशा पथकांना खुले पत्र: एक कार्यक्रम वाजवणाऱ्यांसाठी

प्रति,
अध्यक्ष, खजिनदार आणि सर्व कार्यकर्ते,
सार्वजनिक गणेशोत्सव मंडळे व ढोल-ताशा पथके,
पुणे

सप्रेम नमस्कार.

लवकरच आपापल्या मंडळांच्या बैठका सुरू होतील. पावतीपुस्तके छापायला जातील, देखावा ठरेल, मांडववाल्याशी घासाघीस होईल, विसर्जनाची सुपारी कोणत्या पथकाला द्यायची यावर रात्री उशिरापर्यंत वाद झडतील. त्याच बैठकीत आणखी एक विषय घ्यावा, अशी विनंती करण्यासाठी हे पत्र लिहिते आहे. उत्सवातला एक कार्यक्रम किंवा वर्षातला एक उपक्रम वाजवणाऱ्या-गाणाऱ्या माणसांच्या मदतनिधीसाठी करा. त्यातून उभा राहणारा पैसा एका संध्याकाळच्या सत्कारात संपवू नका. तो दरमहा त्यांच्या घरी पोचेल अशी व्यवस्था करा.

मी संवादिनीची, म्हणजे पेटीची, साथ करते. भजनी मंडळापासून नाट्यसंगीताच्या मैफलीपर्यंत जिथून बोलावणे येते तिथे जाते. आम्ही काही साथीदारांनी मिळून एक छोटा निधी चालवला आहे आणि त्याच्या हिशेबाच्या वह्या माझ्याकडे असतात. पैसा कुठून येतो, कुठे गळतो आणि नेमका कुठे उपयोगी पडतो, हे त्यामुळे जवळून पाहायला मिळते. जे लिहिते आहे ते त्या वह्यांच्या आधाराने.

संगीताने इतरांसाठी पैसा उभा करण्याची परंपरा आपल्याकडे फार मोठी आहे. ८ जुलै १९२१ रोजी मुंबईत बालगंधर्व आणि केशवराव भोसले हे दोन गायक-नट एका रंगमंचावर आले. त्यांच्या गंधर्व नाटक मंडळी आणि ललितकलादर्श या दोन कंपन्यांत केवढी चुरस होती! तरी टिळक स्वराज्य फंडासाठी ‘संयुक्त मानापमान’ या नाटकाचा प्रयोग झाला. बालगंधर्वांची भामिनी आणि केशवरावांचा धैर्यधर. पुढे तीन महिन्यांच्या आतच केशवराव गेले, ऐन तिशीत. १९८३ मध्ये विश्वचषक जिंकून आलेल्या क्रिकेट संघाला बक्षीस द्यायला नियामक मंडळाच्या तिजोरीत पुरेसा पैसा नव्हता. तेव्हा लताबाईंनी दिल्लीत एक पैसाही न घेता कार्यक्रम केला आणि त्यातून प्रत्येक खेळाडूला एक-एक लाख रुपये मिळाले. शाळेची इमारत, वाचनालयाचे छप्पर, दुष्काळ, पूर, भूकंप, युद्ध, काहीही असो. मदतीचा प्रयोग लावा म्हटले की नाटकवाले, तमासगीर, शाहीर, वाद्यवृंदवाले उभे राहिले. आपल्याच मंडळांच्या मेळ्यांतून, म्हणजे उत्सवात गाणी आणि नाट्यप्रवेश करणाऱ्या संचांतून, कितीतरी गायक-नट घडले आणि पुढे त्यांनी जन्मभर असे प्रयोग केले.

आता उलट बाजूने पाहा. बालगंधर्वांची अखेरची वर्षे किती हलाखीत गेली, हे पुण्याला सांगायला नको. १५ जुलै १९६७ रोजी ते गेले आणि पुढच्या वर्षी त्यांच्या नावाचे रंगमंदिर उभे राहिले. तमाशासम्राज्ञी विठाबाई नारायणगावकर राष्ट्रपतींच्या हस्ते गौरवल्या गेल्या होत्या. २००२ च्या जानेवारीत त्या गेल्या, तेव्हा दवाखान्याच्या खर्चासाठी लोकांनी केलेल्या मदतीचाच आधार होता. ही मोठी नावे, म्हणून आपल्याला ठाऊक. यांच्या मागे बसून तबला, ढोलकी, पेटी, सारंगी, क्लॅरिनेट वाजवणाऱ्यांचे काय झाले, याची नोंद कुठल्याच वर्तमानपत्रात सापडत नाही.

एक मदत जरा सविस्तर सांगते. नाव-गाव सांगणार नाही. सनईवाले एक बुवा, सत्तरीच्या आसपासचे. घरात पिढ्यानपिढ्या सनई-चौघडा. लग्नाच्या कार्यालयांत ध्वनिमुद्रित सनई लागायला लागली तशी कामे कमी झाली, पण देवळातली आणि उत्सवातली होती. मग पुढचे दात पडले. सनईची पत्ती ओठांत धरायची तर ओठांना आतून दातांचा टेका लागतो. तो गेला की फुंक बाजूने निसटते. खालचे सूर कसेबसे निघतात, पण तार सप्तकात चढायला गेले की सूर फाटतो. बुवांनी वाजवणे सोडले आणि एका कार्यालयात भांडी मोजून घ्यायच्या कामावर राहिले. त्यांची निकड कोणी विचारलीच नव्हती. ती होती कवळीची. चांगली, हिरड्यांवर घट्ट बसणारी कवळी, आणि ती बसवल्यावर पुन्हा रियाज करण्यासाठी काही महिन्यांची उसंत. निधीतून दोन्ही दिले. कवळी बसवल्यावर पहिले कित्येक दिवस बुवा नुसता षड्ज धरून बसत. ओठांची सगळी पकड नव्याने बसवायची होती. मी पेटीवर सूर धरायची आणि ते त्यात आपला सूर मिळवत राहायचे. आता ते वाजवतात. पूर्वीसारखा दमसास नाही, पण पहाटेच्या काकडआरतीला पुन्हा त्यांची सनई असते.

या मदतीला लागलेला पैसा एका मध्यम मंडळाच्या कमानीवरच्या रोषणाईच्या खर्चात सहज बसला असता. रोषणाई करू नका, असे मी म्हणत नाही. उत्सवात झगमगाट हवाच. पण वादकाला नेमके काय लागते हे विचारले तर थोडक्या पैशात किती होते, हे लक्षात यावे म्हणून सांगितले. कुणाच्या पेटीचा भाता फाटलेला असतो आणि सूर उतरलेले असतात. कुणाला कानाचे यंत्र हवे असते, कारण जन्म कर्ण्यांच्या भिंतीसमोर गेला. कुणाचा आरोग्यविम्याचा हप्ता थकलेला असतो. ढोलकीवाल्याला शाईची पुडी, म्हणजे वाजवायचे कातडे, बदलून हवी असते, तमाशाच्या फडातल्या बाईला सावकाराच्या उचलीतून मोकळे व्हायचे असते. या गरजा दरमहा पंधराशे-दोन हजारांत किंवा एकदाच दिलेल्या ठोक रकमेत भागतात, पण त्या वेळेवर भागाव्या लागतात.

सत्काराबद्दल मात्र स्पष्टच लिहायला हवे. ज्येष्ठ वादकाला संध्याकाळी साडेसहाला बोलावतात. पाहुण्यांची वाट पाहण्यात आठ वाजतात. भाषणे होतात. नऊच्या पुढे शाल, श्रीफळ, सन्मानचिन्ह आणि एक पाकीट. फोटो. पाकिटातली रक्कम पुष्कळदा रिक्षाभाडे आणि औषधांच्या एका खेपेला पुरते. घरी शालींची चवड लागलेली असते, त्यांतली एकही अंगावर घेतलेली नसते. सत्कार करणाऱ्यांच्या मनात आदर असतो, हे मला पूर्ण मान्य आहे. पण तो आदर दुसऱ्या दिवशी दुकानात चालत नाही. ज्या सभागृहाच्या भाड्यात, ज्या फ्लेक्सच्या छपाईत, ज्या सन्मानचिन्हांच्या ऑर्डरीत हजारो रुपये गेले, ते सरळ निधीत गेले असते तर त्या बुवांचे वर्ष निघाले असते.

पैसा उभा करण्याच्या कार्यक्रमांचेही असेच होते. नाट्यगृह घ्या, ध्वनिव्यवस्था घ्या, मंचावरची फुले, जाहिराती, कलाकारांची जेवणे, निवेदकाचे मानधन. तिकिटे खपतात, टाळ्या पडतात, आणि हिशेब मांडला की हातात निम्मेसुद्धा उरत नाही. म्हणून आमच्या निधीत एक नियम केला आहे: कार्यक्रमाचा सगळा खर्च आधी एका-दोन प्रायोजकांकडून मिळवायचा आणि मगच तिकिटे छापायची. तिकिटाचा प्रत्येक रुपया निधीत जातो, असे तिकिटावरच छापता येते आणि लोकही मग सढळ हाताने घेतात. मंडळांना हे आमच्यापेक्षा फार सोपे जाईल. मांडव उभा आहे, व्यासपीठ आहे, वीज आहे, परवानग्या काढलेल्या आहेत, गर्दी आपणहून येते. दहा दिवसांतली एक संध्याकाळ दिली तर वरखर्च जवळजवळ शून्य.

पण मांडवातला कार्यक्रम हा एकच मार्ग नाही, आणि माझ्या मते तो सर्वांत चांगलाही नाही. अलीकडे लोक काहीतरी कष्टाचा संकल्प करतात आणि ओळखीच्यांकडून त्यासाठी देणगी मागतात. मुंबईत २००४ साली सुरू झालेल्या मॅरेथॉनमध्ये असंख्य धावपटू एखाद्या संस्थेसाठी असाच पैसा गोळा करतात. पुण्यातून सायकलने पंढरपूरला जाणारे गट आहेत, दर रविवारी सिंहगड चढणारे तर घरटी सापडतील. हे सगळे निधीसाठी करता येईल. तरी माझे मन जिथे जाते ते संकल्प आपल्या संगीतातच आहेत.

एक म्हणजे चिल्ला. चाळीस दिवस एका जागी बसून अखंड रियाज करण्याची ही जुनी रीत. आजच्या नोकरी-शाळेच्या दिवसांत तसा चिल्ला कुणाला जमणार नाही, पण चाळीस दिवस न चुकता रोज एक तास, हे आठवीतल्या तबला शिकणाऱ्या मुलीलाही जमते. तिने घरच्यांना, शेजाऱ्यांना, आजोबांच्या मित्रांना सांगायचे: मी रोज तासभर बसणार, तुम्ही रोजचे दहा रुपये लावा. चाळीस दिवसांचे चारशे रुपये. असे वीस जण मिळाले तर आठ हजार. एका गुरुजींच्या क्लासमधली दहा मुले बसली तर ऐंशी हजार, आणि वर दहाही मुलांचा हात तयार. ना सभागृह, ना ध्वनिक्षेपक, ना फ्लेक्स. गुरुपौर्णिमेला सुरुवात केली तर गणपती येईपर्यंत चिल्ला बहुतेक वर्षी पुरा होतो, आणि त्या मुलांना मांडवात वाजवायला बसवता येते.

दुसरा म्हणजे पहारा. अखंड हरिनाम सप्ताहात सात दिवस वीणा खाली ठेवायची नसते. एकाच्या गळ्यातून दुसऱ्याच्या गळ्यात जाते, रात्री अडीच-तीनलाही कुणीतरी उभे असतेच. गावागावांत हे पिढ्यानपिढ्या चालले आहे, आणि सप्त्याचा खर्च गावच्या वर्गणीतून भागतो. आपल्याकडे चोवीस तासांचा अखंड सूर का होऊ नये? तानपुरा सुरू राहील आणि त्यावर तास-तासाने एकेक जण गाईल किंवा वाजवील. प्रहराप्रमाणे राग. पहाटे भैरव, उत्तररात्री मालकंस. मोठ्या शहरात हे राग त्यांच्या वेळेला ऐकायला मिळणे किती दुर्मिळ झाले आहे! प्रत्येक तास एखाद्या सोसायटीने, दुकानाने, कुटुंबाने आपल्या नावावर घ्यायचा. रात्री दहानंतर ध्वनिवर्धक बंद करावा लागतो, तो करायचाच. त्या वेळी बंद खोलीत, ध्वनिवर्धकाशिवाय पंधरा-वीस जणांत बसून ऐकण्यात जी गोडी आहे ती मांडवात येणार नाही.

आता पथकांसाठी वेगळे दोन शब्द. तुमच्यातल्या अनेक पथकांनी मिरवणुकीच्या मानधनातून शाळांना, अनाथाश्रमांना, पूरग्रस्तांना मदत केली आहे. नदीपात्रात, पुलाखाली, नोकरी-कॉलेज सांभाळून महिना-दीड महिना सराव करता आणि स्वतःसाठी काही घेत नाही, याचा मला मनापासून अभिमान वाटतो. म्हणूनच तुमच्याकडून अपेक्षा जास्त आहे. तुमच्यातल्या कित्येकांना ताशाचे बोल ज्यांनी हातात हात धरून शिकवले ते जुने ताशेवाले आज कुठे आहेत? पूर्वी मिरवणुकीत त्यांच्या ताफ्यांना बोलावणे असे. पथके वाढली तशी त्यांची बोलावणी घटली. यात तुमचा दोष नाही, काळ तसा आला. पण या माणसांकडे पहिले लक्ष तुमचे असायला हवे. आणि स्वतःच्या कानांसाठी बोळे वापरा. मी हे एका साथीदाराच्या नात्याने सांगते आहे. तिशीत कान गेलेला माणूस सुरात गाऊ शकत नाही.

पैसा कसा ठेवायचा, हा भाग रुक्ष वाटेल पण इथेच सगळे ठरते. पंडित विष्णु दिगंबर पलुस्करांनी ५ मे १९०१ रोजी लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढले. राजाश्रय नको, लोकांच्या पैशावर संगीत शिकवायचे, हा त्या काळात केवढा मोठा विचार! गावोगाव जलसे करून त्यांनी पैसा आणला, विद्यार्थ्यांना ठेवून घेऊन शिकवले. १९०८ मध्ये मुंबईत आले, इमारत उभी केली, आणि शेवटी कर्जापायी त्याच इमारतीचा लिलाव झाला. त्यांच्या शिष्यांनी ते कार्य देशभर पसरवले हे खरेच, पण जलशातून येणाऱ्या पैशावर जन्मभर गाडा ओढायचा म्हटले की काय होते, ते या उदाहरणात दिसते. एवढा मोठा माणूस, एवढी मोठी लोकप्रियता, आणि तरी पाठीशी कायम निधी नव्हता.

म्हणून जमलेल्या रकमेतला ठरावीक भाग बँकेत मुदत ठेवीत जावा आणि दरमहाची मदत व्याजातून निघावी. उरलेला भाग आजारपण, वाद्यदुरुस्ती अशा तातडीच्या कामांना. मंडळ नोंदणीकृत न्यास असेल तर आपल्या घटनेतल्या उद्दिष्टांत अशी मदत बसते का, हे आधी पाहून घ्या; बसत नसेल तर नोंदणीकृत संस्थेकडे निधी सोपवा. वर्गणीसाठी धर्मादाय आयुक्तांकडून कलम ४१क खाली परवानगी घेता तेव्हा या उपक्रमाचाही उल्लेख करा, म्हणजे पुढे हिशेब देताना अडत नाही. देणगीदार आयकरातल्या सवलतीची, ‘८०जी’ म्हणून ओळखली जाणारी पावती मागतील. दोन हजारांवरच्या रोख देणगीला ती सवलत लागू नाही आणि नव्या करप्रणालीत तर ती मिळतच नाही, हे त्यांना आधीच सांगा. परदेशातले नातेवाईक पैसे पाठवतो म्हणतील. पासपोर्ट भारतीय असेल तर त्यांची स्वतःची कमाई बँकेमार्फत घेता येते. नागरिकत्व बदललेले असेल तर परकीय देणगीची केंद्राची नोंदणी असल्याशिवाय एक रुपयाही घेऊ नका. मंडळाच्या फलकावर दर तीन महिन्यांनी जमा, खर्च आणि शिल्लक लिहा.

मात्र त्या फलकावर मदत घेणाऱ्याचे नाव नको आणि फोटो तर मुळीच नको. माणूस आयुष्यभर लोकांसमोर ताठ बसून वाजवतो. त्याची गरज चौकात टांगली तर तो पुन्हा आपल्या दारात येणार नाही, आणि त्याच्यासारखे आणखी चार जण गप्प बसतील. नावे फक्त तीन-चार जणांच्या समितीला ठाऊक असावीत, आणि त्या समितीत निदान एक वादक असावा. कुणाला खरोखर अडचण आहे हे त्याला लगेच कळते.

आणखी एक काम आहे, आणि त्याला पैसा लागत नाही. राज्य शासनाची ज्येष्ठ साहित्यिक आणि कलावंतांसाठी राजर्षी शाहू महाराजांच्या नावाची मानधन योजना आहे, दरमहा ५,००० रुपयांची. त्यासाठी कलेच्या क्षेत्रात अनेक वर्षे काम केल्याचे पुरावे लागतात: कात्रणे, कार्यक्रमपत्रिका, प्रमाणपत्रे. गायकाकडे ते असतात. साथीदाराकडे नसतात, कारण पत्रिकेवर त्याचे नाव छापलेलेच नसते. फार तर ‘आणि सहकारी’. आयुष्यभर वाजवलेल्या माणसाला आपण वाजवत होतो हे सिद्ध करता येत नाही. हे पुरावे तुमच्याकडे आहेत. मंडळाच्या जुन्या अहवालांत, मानधनाच्या व्हाउचरवरच्या सह्यांत, मेळ्यांच्या आणि मिरवणुकींच्या फोटोंत. माळ्यावरचे ते गठ्ठे खाली काढा. ज्यांची नावे सापडतील त्यांना मंडळाच्या लेटरहेडवर, वर्षे घालून, अध्यक्षांच्या सहीचे पत्र द्या. नाव ओळखू येत नसेल, फोटोतला चेहरा लागत नसेल, तर आम्हाला दाखवा. आम्ही जुनी साथीदार मंडळी बसून ओळखून देऊ.

बैठकीला बोलावलेत तर मी हिशेबाच्या वह्या घेऊन येईन. कुठलाही कार्यकर्ता त्या पाहू शकतो.

आपली नम्र,
एक संवादिनीवादक, पुणे